कर बसतो कलमाने: लोकप्रतिनिधीचे करविषयक काम कसे तपासावे

डिसेंबर उजाडला की नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये लोखंडी कठडे उभे राहतात, आमदार निवासात लगबग सुरू होते आणि कोणता मोर्चा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटजवळ अडवला गेला ही शहराची पहिली बातमी होते. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे भरते, आणि त्या दिवसांत चहाच्या टपरीपासून वकिलांच्या खोलीपर्यंत एकच प्रश्न निरनिराळ्या सुरांत ऐकू येतो: आपल्या आमदाराने सभागृहात केले तरी काय? उत्तरही बहुधा ठरलेले असते. कोणी किती प्रश्न विचारले याची संख्या सांगितली जाते, नाहीतर मोबाइलवर दीड मिनिटाची चित्रफीत दाखवली जाते. रस्ते, पाणी, पीकविमा यांच्या बाबतीत त्यावरून थोडाफार अंदाज येतही असेल. कराच्या बाबतीत मात्र या दोन्हींचा जवळजवळ काहीच उपयोग होत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २६५ नुसार कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येत नाही. म्हणजे कर भाषणाने बसत नाही आणि भाषणाने उठतही नाही. तो कलमाने बसतो. लोकप्रतिनिधीचे करविषयक काम तपासायचे असेल, तर भाषणाकडून कलमाकडे जाण्याऐवजी कलमाकडून भाषणाकडे मागे मागे जावे, हीच पद्धत मी येथे मांडणार आहे.

सुरुवातीलाच तीन शब्द वेगळे करून ठेवावेत, म्हणजे पुढे गोंधळ होत नाही. घटनेत ‘अनुच्छेद’ असतात, विधेयकात ‘खंड’ असतात आणि विधेयक संमत होऊन अधिनियम झाले की त्याच खंडांना ‘कलम’ म्हणतात. सभागृहाच्या कामकाजाच्या छापील वृत्तांतात ‘खंड ४ ला सुधारणा’ असे वाचले आणि पुढे अधिनियमाचे कलम ४ उघडले, तर दोन्ही वेगवेगळ्या विषयांचे निघू शकतात. दुरुस्ती विधेयकात तर असे नेहमीच घडते.

कलम आधी, माणूस नंतर

आपल्या खिशाला लागणारा एखादा कर निवडावा. नोकरदाराला सर्वांत सोयीचा म्हणजे व्यवसाय कर. ठरावीक मर्यादेवरील पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, असे वर्षाला २५०० रुपये होतात. या कपातीचा आधार १९७५ चा राज्य अधिनियम आहे, आणि तो ज्या कारणासाठी झाला ते कारण म्हणजे रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करणे. योजनेची कल्पना मांडून तिचा पाठपुरावा करणारे वि. स. पागे हे त्या काळी विधान परिषदेचे सभापती होते. पीठासीन अधिकारी सामान्यतः चर्चेत भाग घेत नाहीत. त्यामुळे भाषणांची यादी काढून ‘या विषयावर कोण बोलले’ असे शोधणाऱ्याला या कायद्यामागचे सर्वांत महत्त्वाचे नाव सहजासहजी सापडणार नाही. माणसाच्या नावापासून शोध सुरू केल्यास काय निसटते, याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

त्याच करात अलीकडे झालेला बदल घ्यावा. ९ मार्च २०२३ रोजी राज्याचा अर्थसंकल्प मांडताना तत्कालीन वित्तमंत्री आणि नागपूरचेच आमदार देवेंद्र फडणवीस यांनी, दरमहा २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या महिलांना व्यवसाय करातून सूट देण्याचे जाहीर केले; त्यापूर्वी ही मर्यादा १०,००० रुपये होती. वर्तमानपत्राच्या दृष्टीने गोष्ट तेथे संपली. तपासणाऱ्याच्या दृष्टीने ती तेथे सुरू होते: घोषणा भाषणाच्या कोणत्या भागात आहे, ती अमलात आणणारे दुरुस्ती विधेयक कोणते, त्यावर कोण काय बोलले, आणि शेवटी राजपत्रात आलेला मजकूर घोषणेशी जुळतो का. राज्याच्या अर्थसंकल्पीय भाषणात करप्रस्ताव दुसऱ्या भागात येतात. घाईत असलेल्या वाचकाने पहिला भाग सोडला तरी चालेल, दुसरा सोडू नये.

कोणाच्या हातात काय आहे

ज्या सभागृहाच्या अधिकारातच नाही अशी गोष्ट न केल्याबद्दल प्रतिनिधीला दोष देणे आणि तिची नुसती मागणी केल्याबद्दल त्याची पाठ थोपटणे, या दोन्ही चुका आपल्याकडे सर्रास होतात. आयकर हा, शेतीचे उत्पन्न वगळता, केंद्राचा विषय आहे. आमदाराने त्यावर कितीही तळमळीने भाषण केले तरी ती केवळ विनंती ठरते. पेट्रोल आणि डिझेल यांवर केंद्राचे उत्पादन शुल्कही आहे आणि राज्याचा मूल्यवर्धित करही आहे, म्हणून ‘इंधनावरचा कर कमी करा’ हे वाक्य कोणत्या सभागृहात उच्चारले गेले यावर त्याचा अर्थ ठरतो. व्यवसाय कर राज्याचा असला, तरी तो वर्षाला २५०० रुपयांहून अधिक असू शकत नाही, कारण ती मर्यादा अनुच्छेद २७६ मध्येच आहे. पूर्वी ती २५० रुपये होती आणि १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने वाढली. उद्या एखाद्या आमदाराने श्रीमंतांकडून वर्षाला दहा हजार रुपये व्यवसाय कर घ्या असे म्हटले, तर टाळ्या मिळतील, पण कायदा होणार नाही.

याहून कमी माहीत असलेली अडचण अनुच्छेद ११७ आणि राज्यासाठी २०७ मध्ये आहे. कर बसवणारे किंवा बदलणारे विधेयक राष्ट्रपतींच्या, राज्यात राज्यपालांच्या, शिफारशीशिवाय मांडता येत नाही. व्यवहारात ही शिफारस सरकारच्या हातात असते. मात्र कर कमी करणाऱ्या किंवा रद्द करणाऱ्या सुधारणेला अशी शिफारस लागत नाही. त्यामुळे विरोधी बाकांवरून येणाऱ्या सुधारणा बहुतेक ‘कर घटवा’ या दिशेच्याच दिसतात. प्रत्येक वेळी त्यामागे लोकानुनय असतो असे समजू नये. दार त्याच बाजूने उघडे असते.

विधान परिषदेचे सदस्य तपासताना आणखी एक अट लक्षात घ्यावी. नागपूर विभागातील पदवीधर आणि शिक्षक ज्या प्रतिनिधींना निवडून देतात ते परिषदेत बसतात, आणि धन विधेयकावर, म्हणजे केवळ कर आणि सरकारी पैसा यांविषयीच्या विधेयकावर, परिषदेला केवळ १४ दिवसांत शिफारशी करता येतात; त्या स्वीकारणे विधानसभेवर बंधनकारक नसते. राज्यसभेचेही तसेच आहे. तेथील सदस्याच्या भाषणाचे मोल त्यातील युक्तिवादावरून करावे, निकालावरून नव्हे.

कागद मिळवणे

संसदेचे वाद-विवाद संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात आणि दोन्ही सभागृहांच्या संकेतस्थळांवर आहेत. राज्याचे कामकाज महाराष्ट्र विधानमंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येते. मात्र सदस्याचे नाव टाकून शोधण्याचा मोह टाळावा. आडनाव आधी की नाव आधी, रोमन लिपीत ‘राव’ जोडून की तोडून, यावर निकाल बदलतात आणि निम्मी भाषणे हाती लागत नाहीत. विधेयकाचा क्रमांक आणि चर्चेची तारीख यांवरून शोधावे. एकाच विधेयकाची किमान चार कागदपत्रे समोर हवीत: मांडलेले विधेयक, समितीकडे गेले असल्यास तिचा अहवाल, सदस्यांनी दिलेल्या सुधारणांची यादी आणि राजपत्रातील अधिनियम. विधेयकाच्या शेवटी असलेले ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ आणि ‘वित्तीय ज्ञापन’ बहुतेक जण पाहत नाहीत. सरकारला हा कर का हवा आहे ते तेथे मंत्र्यांच्या भाषणापेक्षा कमी शब्दांत लिहिलेले असते.

वृत्तांताची प्रत सुधारित आहे की असुधारित हेही आधी पाहावे. असुधारित प्रतीतील आकडा उद्धृत केला आणि नंतर तो दुरुस्त झाला, तर आपलीच फजिती होते. लोकसभेत सदस्य मराठीत बोलला असेल तर छापील वृत्तांतात अनुवाद येतो आणि तो अनुवाद असल्याची खूण तेथे केलेली असते. अशा भाषणातील शब्दांवर फार जोर देऊ नये, त्यातील मागणी तेवढी टिपावी. अध्यक्षांनी कामकाजातून वगळलेले शब्द वृत्तांतात नसतात. चित्रफितीत ते ऐकू आले तरी त्यांना सभागृहाचे कामकाज म्हणून उद्धृत करता येत नाही.

कंटाळवाणी पाने हीच कामाची पाने

विधेयक आधी पुरःस्थापित होते, म्हणजे सभागृहात मांडले जाते, मग ‘विचारात घ्यावे’ असा प्रस्ताव येतो आणि त्यावर भाषणे होतात, त्यानंतर खंडशः विचार होतो आणि शेवटी ते संमत होते. वर्तमानपत्रांत आणि चित्रफितींत जे दिसते ते सारे दुसऱ्या टप्प्यातले असते. कायदा बदलतो तो तिसऱ्यात. ती पाने वाचायला अत्यंत कंटाळवाणी असतात: अमुक खंड विधेयकाचा भाग होवो, अमुक सदस्यांची सुधारणा मतास टाकण्यात आली, ती नामंजूर झाली, पुढचा खंड. पण कोणी नेमका शब्द बदलून मागितला आणि कोणी नुसताच संताप व्यक्त केला, हे याच पानांवर कळते. ‘हा कर अन्यायकारक आहे’ असे वीस मिनिटे सांगणाऱ्यापेक्षा ‘खंड ५ मधील अमुक मर्यादा इतकी करावी’ अशी एका ओळीची सुधारणा देऊन ती मतास टाकायला लावणाऱ्या सदस्याचे काम मी मोठे मानतो, मग ती सुधारणा आवाजी मतदानाने क्षणात फेटाळली गेलेली का असेना. मतविभागणी, म्हणजे प्रत्येकाच्या मताची मोजणी, मागितली गेली असेल तर कोणी कोणत्या बाजूने मत दिले तेही नोंदवलेले असते. आवाजी मतदानात तो पुरावा राहत नाही.

सरकारने स्वतः आणलेल्या सुधारणा सर्वांत बारकाईने पाहाव्यात, कारण चर्चेचा परिणाम झाला असेल तर तो तेथे दिसतो. २३ जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात घर-जमिनीच्या विक्रीवरील दीर्घकालीन भांडवली नफ्याचा कर २० टक्क्यांवरून १२.५ टक्के करताना, महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरण्याची, म्हणजे इंडेक्सेशनची, सोय काढून टाकण्याचा प्रस्ताव होता. धरमपेठेतील वडिलोपार्जित घर विकू पाहणाऱ्याला दर कमी होऊनही कर जास्त बसू शकेल, अशी ती रचना होती. सभागृहात आणि बाहेर त्यावर बरीच टीका झाली, आणि ७ ऑगस्ट रोजी लोकसभेत सरकारनेच सुधारणा आणली: २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घर-जमिनीच्या बाबतीत निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंब यांना दोन्ही पद्धतींपैकी जिने कर कमी येईल ती लागू राहील. सरावासाठी याहून चांगला धडा नाही. मांडलेले विधेयक आणि संमत झालेले विधेयक शेजारी ठेवावीत, फरकाखाली रेघ मारावी आणि मधल्या दोन आठवड्यांतील भाषणे वाचून हा फरक नेमक्या शब्दांत कोणी मागितला होता ते शोधावे. सरसकट विरोध करणारे पुष्कळ सापडतील. जुन्या खरेदीपुरती सोय ठेवा, असा मधला मार्ग सुचवणाऱ्यांना वेगळे काढावे.

काही वेळा मात्र पानेच कोरी असतात. १४ मार्च २०१८ रोजी लोकसभेने गदारोळात वित्त विधेयक चर्चेविना संमत केले आणि साऱ्या अनुदान मागण्याही, म्हणजे मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्याही, एकत्र मतास टाकून मंजूर झाल्या. मागण्या अशा चर्चेविना एकत्र मंजूर करण्याला संसदीय बोलीत ‘गिलोटिन’ म्हणतात. अशा वर्षी एखाद्या खासदाराच्या नावापुढे ‘वित्त विधेयकावर भाषण नाही’ असे लिहिणे खरे असले तरी न्याय्य नाही. त्याने सुधारणा दिली होती का, लेखी भाषण पटलावर ठेवले होते का, एवढेच पाहता येते.

समितीतले काम

मोठ्या करकायद्यांचे खरे काम हल्ली समितीत होते, म्हणून तेथे न जाता दिलेला निकाल अपुरा असतो. १९६१ च्या आयकर अधिनियमाच्या जागी आलेला नवा कायदा हेच सांगतो. विधेयक १३ फेब्रुवारी २०२५ रोजी लोकसभेत मांडले गेले, बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालील प्रवर समितीकडे, म्हणजे त्याच विधेयकाच्या तपासणीसाठी नेमलेल्या सदस्यांच्या समितीकडे, गेले, समितीने २१ जुलै रोजी अहवाल दिला, सरकारने ८ ऑगस्टला मूळ विधेयक मागे घेऊन समितीच्या शिफारशी सामावून घेणारे नवे विधेयक आणले, आणि लोकसभेने ते ११ ऑगस्टला, राज्यसभेने १२ ऑगस्टला संमत केले. लोकसभेत ते गोंधळात अवघ्या काही मिनिटांत संमत झाले. नव्या अधिनियमात ५३६ कलमे आहेत. ज्या शहरात छिंदवाडा मार्गावरील राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत देशभरातले आयकर अधिकारी शिकून तयार होतात, त्या शहरातील वाचकाने तरी केवळ ‘चर्चा झालीच नाही’ असे म्हणून थांबू नये. अहवालात कोणत्या खंडावर काय शिफारस आहे, आणि शेवटी जोडलेल्या भिन्न मतपत्रिका, म्हणजे असहमत सदस्यांची लेखी टिपणे, कोणाच्या आहेत, हे वाचावे. भिन्न मतपत्रिका हा सदस्याच्या अभ्यासाचा फार स्वच्छ पुरावा असतो. त्यात टाळ्या नसतात, व्यत्यय नसतो, आणि लिहिलेले नंतर नाकारता येत नाही.

सभागृहाबाहेरचे काम कोठे नोंदवावे

जुलै २०२४ मध्ये नागपूरचे खासदार आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी अर्थमंत्र्यांना पत्र लिहून आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यांवरील १८ टक्के वस्तू व सेवा कर मागे घेण्याची मागणी केली. नागपुरातील आयुर्विमा कर्मचारी संघटनेने दिलेल्या निवेदनाचा त्या पत्रात आधार होता. पुढच्या महिन्यात विरोधी खासदारांनी याच मागणीसाठी संसदेच्या आवारात निदर्शने केली. ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत वस्तू व सेवा कर परिषदेने वैयक्तिक विम्यावरील हा कर शून्य केला आणि २२ सप्टेंबरपासून तो निर्णय लागू झाला. आता हे श्रेय कोणाच्या खात्यावर मांडायचे? पत्र सभागृहाच्या वृत्तांतात नाही, कारण मंत्री आपल्याच सरकारला सभागृहात प्रश्न विचारत नाही. निदर्शनेही वृत्तांतात नाहीत. आणि निर्णय संसदेने घेतलेलाच नाही. तो अनुच्छेद २७९क खाली स्थापन झालेल्या परिषदेने घेतला, जिच्यात केंद्राच्या मताचे वजन एक-तृतीयांश आणि सर्व राज्यांच्या मतांचे मिळून दोन-तृतीयांश असते. मी अशा गोष्टी वहीत स्वतंत्र पानावर, तारखेसह लिहितो आणि ‘वाद-विवादातील सहभाग’ या पानावर येऊ देत नाही. दोन्ही एकत्र केले की ज्याचा कार्यकर्ता अधिक बोलका, त्याचे काम मोठे ठरते.

परिणाम आणि योगायोग

जुन्या वृत्तांतांवर सराव केला तर आजच्या पक्षीय आवडीनिवडी आड येत नाहीत. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ मध्ये केंद्रीय विधिमंडळात गेले. नागपूरचे गंगाधरराव चिटणवीस हेही त्या विधिमंडळाचे सदस्य राहिले होते. त्या काळी सदस्यांना अर्थसंकल्पावर बोलता येई, मत देता येत नसे. गोखल्यांनी मिठावरील कर कमी करण्याची, आयकराची किमान मर्यादा वाढवण्याची आणि देशी गिरण्यांच्या कापडावरील अबकारी उठवण्याची मागणी आपल्या अर्थसंकल्पीय भाषणांतून लावून धरली. मिठाचा कर मणामागे अडीच रुपये होता. तो १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. आयकराची मर्यादा १९०३ मध्ये वार्षिक ५०० वरून १००० रुपये झाली. कापडावरील साडेतीन टक्के अबकारी मात्र, जी आपल्या एम्प्रेस मिललाही भरावी लागे, १९२६ पर्यंत रद्द झाली नाही. गोखले तोवर हयात नव्हते. एकाच माणसाच्या तीन मागण्या, तितक्याच पुराव्यानिशी केलेल्या, आणि नशिबे निरनिराळी. मिठाच्या बाबतीत सरकारी तिजोरीत शिल्लक होती, कापडाच्या बाबतीत इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापड गिरण्यांचे हितसंबंध आड होते. म्हणून ‘भाषणामुळे कर घटला’ असे लिहिण्याऐवजी ‘भाषणानंतर घटला’ असे लिहावे, आणि ‘मुळे’ म्हणायचेच असेल तर मंत्र्याच्या उत्तरात त्या युक्तिवादाचा उल्लेख शोधावा.

जेथे काहीच घटले नाही तेथेही काम असू शकते. २४ फेब्रुवारी १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात, सदस्य झाल्यानंतर आठवड्याभरातच, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अर्थसंकल्पावर भाषण केले. आयकरात ठरावीक उत्पन्नापर्यंत सूट आहे आणि उत्पन्न नसलेल्या वर्षी तो लागत नाही; शेतसारा मात्र लहान आणि मोठ्या शेतकऱ्याला एकाच दराने, पीक आले तरी आणि बुडाले तरी द्यावा लागतो, ही विसंगती त्यांनी दाखवली. सारापद्धती त्या भाषणाने बदलली नाही. तरीही ऐपतीनुसार कर या तत्त्वाची इतकी सोपी मांडणी क्वचितच वाचायला मिळते. राज्य शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या दुसऱ्या खंडात हे भाषण आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात लागणाऱ्या पुस्तकांच्या स्टॉलवर हे खंड चाळता येतात.

येत्या डिसेंबरसाठी

नागपूरच्या अधिवेशनात अर्थसंकल्प नसतो, तो मार्चमध्ये मुंबईत मांडला जातो. येथे प्रामुख्याने पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या वाढीव खर्चाच्या मागण्या, तो पैसा काढण्यास मंजुरी देणारे विनियोजन विधेयक आणि अधिवेशनापूर्वी काढलेल्या अध्यादेशांची विधेयके येतात. म्हणून करावर गाजलेली भाषणे येथे शोधण्यापेक्षा कर कोठे खर्च होतो यावरची कामे पाहावीत: कोणी कपात सूचना, म्हणजे मागणीतील रक्कम घटवण्याची सूचना, दिली, कोणी एकाच विभागाच्या वारंवार येणाऱ्या पुरवणी मागण्यांवर बोट ठेवले, विधानसभेत नियम २९३ खाली किंवा परिषदेत नियम २६० खाली झालेल्या चर्चेत कोणी महसुलाचा विषय काढला. प्रेक्षक गॅलरीचा पास मिळाला तर जरूर जावे, मात्र मोबाइल आत नेता येत नाही आणि बसल्या जागी टिपणे घेण्याचीही मुभा असेलच असे नाही, म्हणून बाहेर पडताच विधेयकाचा क्रमांक, खंडाचा क्रमांक आणि वेळ लिहून काढावी. वृत्तांत संकेतस्थळावर आल्यावर त्या तीन आकड्यांवरून आपण ऐकलेले पान सापडते, आणि आपण काय ऐकले व नोंदीत काय आहे, यांतला फरकही.